गरम पाण्याची मोहीम: मुक्काम काला अंब

॥ श्री ॥

मु. काला अंब, पानिपत (हरियाणा)
१८ जानेवारी २०२६

ती. सौ. आईस,
 

इकडील सर्व क्षेम आहे, म्हणजे परवापासून आहे. त्याआधीचा मजकूर सविस्तर कळवायचा म्हणून हे पत्र. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोन तू उचलतेस खरी, पण तिसऱ्या वाक्याला तो बाबांच्या हातात जातो. मी 'गिझर' म्हणते, ते 'गारदी' ऐकतात आणि इब्राहिमखानाच्या तोफखान्याची हकीकत सुरू होते. तोवर इकडे माझ्या बादलीतलं उरलंसुरलं कोमट पाणीही गार होतं. तेव्हा बाबा घाटावर फिरायला गेले की हे आधी तू वाच आणि मग त्यांच्या हातात दे. त्यांच्यासाठी यात एक आनंदाची बातमी आहे, ती आधी फोडू नकोस.

परमुलखात कशी आहेस, असं सगळे विचारतात. इथे यायला पासपोर्ट लागत नाही, विमानही लागत नाही, तरी वाईच्या माणसाला पानिपताइतका परका मुलूख दुसरा नसावा. अमेरिकेतल्या मावसबहिणीला 'जपून राहा' असं कोणी सांगत नाही. मला आजवर प्रत्येकानं सांगितलंय. इचलकरंजीहून निघताना ह्यांच्या आत्याबाईंनी हातावर दही दिलं, ओवाळलं आणि पदर डोळ्यांना लावला. हे ब्लँकेटच्या गिरणीत रंगखातं सांभाळायला निघाले होते, पण निरोप मिळाला तो पानिपतच्या लढाईला निघालेल्या भाऊसाहेबांच्या हुजुरातीतल्या स्वाराचा. बाबांनी फोनवर धीर दिला तो असा: "काळजी करू नका, आपल्या मेणवलीचे नाना फडणीस तिथून सुखरूप परत आले होते." त्यावर सासूबाईंनी विचारलं, "आणि त्यांच्या मातोश्री?" फोनवर बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. नानांच्या आई त्या पळापळीत गेल्या, हे बाबांना पाठ आहे. विहीणबाईंनाही ठाऊक असेल, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

इथल्या लोकांना यातलं काहीच वाटत नाही. त्यांच्या लेखी पानिपत म्हणजे कांबळी, गालिचे, पचरंगा लोणचं आणि रिफायनरी. दिल्ली नव्वद किलोमीटरवर. गाव कागदोपत्री राजधानी क्षेत्रात मोडतं, त्यामुळे घरभाडं राजधानीचं आणि नळाचं पाणी खेड्याचं, अशी दोन्हीकडची व्यवस्था आहे. शेजारच्या भाभी रोड समाजाच्या. १७६१ च्या लढाईनंतर इकडेच राहिलेले मराठे हे आपले पूर्वज, असं त्या समाजातले बरेच जण मानतात. पहिल्याच दिवशी भाभी लस्सीचा तांब्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हाम तो थारे ए सां." आम्ही तर तुमचेच! मग मागे राहिलेल्यांची खुशाली विचारावी तशी त्यांनी आमच्याकडची चौकशी केली. २६५ वर्षांची खुशाली एका दुपारी कशी सांगणार? मी फक्त सगळे बरे आहेत म्हटलं.

काला अंब आमच्या घरापासून चालत जाण्याइतका. सासूबाई आल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं की काळा आंबा म्हणजे झाड असणार; संक्रांतीला दाराच्या तोरणासाठी चार पानं आणू. तिथे ना आंबा, ना काळा. रक्तानं माती भिजून आंब्याची पानं काळपट पडली, अशी आख्यायिका. ते झाड केव्हाच वठलं. आता त्या जागी विटांचा मनोरा आहे, भोवती बाग आहे आणि पलीकडे गहू-मोहरीची शेतं. सासूबाईंनी मनोऱ्याला हात जोडले, मग माळ्याला आंब्याचं दुसरं एखादं झाड जवळपास आहे का, तेही विचारलं.

थंडीचं काय सांगू? डिसेंबर अर्ध्यावर आला की धुकं असं उतरतं की समोरच्या गच्चीवरचे कपडे कोणाचे ते ओळखू येत नाहीत. पहाटे पारा चार अंशांवर. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला चावतं. सासूबाईंनी थंडीशी उघड युद्ध पुकारलं: दाराखालच्या फटीत पायपुसणं, खिडक्यांच्या सांध्यांना चिकटपट्टी, आणि घरात जिथे म्हणून भोक दिसेल तिथे कापडाचा बोळा. पानिपतात कांबळ्यांना काय तोटा!

आणि अशा दिवसांत गिझर बिघडला.

हा गिझर घरमालकानं न्हाणीघरातच, नळाच्या वर बसवलेला. गॅसचा, मिनिटाला सहा लिटरवाला. विजेच्या गिझरसारखी याच्या पोटात टाकी नसते. तांब्याची वेटोळी नळी, तिच्या खाली बर्नर, बस्स. आपण नळ उघडला की पाणी वाहतं, पाण्याच्या दाबानं एक रबरी पडदा ढकलला जातो, पडद्यानं एक बटण दाबलं जातं, मग तळाचे दोन मोठे सेल टकटक ठिणगी टाकतात, गॅसची झडप उघडते आणि भप्पकन जाळ होतो. जाळासमोर एक बारीक सळई असते. तिला ज्योत 'दिसली' तर गॅस चालू राहतो. नाही दिसली तर झडप आपोआप मिटते. म्हणजे याला तीन गोष्टी हव्यात: पाण्याचा दाब, ठिणगी आणि गॅस. निदान तेव्हा आम्हाला तीनच माहीत होत्या.

पहिलं दुखणं आलं ते ठिणगीचं. नळ सोडला, टकटक नाही. बाबांनी वाईहून हुकूम दिला: "सेल बदला." बदलले. जुने सेल फुटून त्यांचं पांढरं पाणी पत्र्यावर पसरलं होतं. ह्यांनी पत्रा व्हिनेगरच्या फडक्यानं पुसून घासला. टकटक सुरू झाली, पण फक्त खालच्या नळाला बादली लावली तरच. शॉवर सोडला की पुन्हा शांतता. कोणी म्हणालं सेल नकली, कोणी म्हणालं गिझरच नकली. खरं कारण गच्चीवर होतं. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि टाकी आमच्या डोक्यावरच आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब एक बार, म्हणजे आमच्या वाट्याला जेमतेम पाव बार. तेवढ्यावर तो रबरी पडदा कसाबसा हलतो. शॉवरच्या उंचीला आणि बारीक भोकांना तेही जमत नाही. त्यात गिझरच्या तोंडाशी असलेली गाळणी वाळूनं आणि क्षारांनी बुजलेली. गाळणी धुतली, शॉवरचा नाद सोडला, बादलीशी पुन्हा सोयरीक केली.

दुसरं दुखणं गॅसचं. ठिणगी पडते, जाळ होत नाही. स्वयंपाकघरात त्याच सिलिंडरवर भाकरी मात्र व्यवस्थित फुगते. "गॅस आहे की मग!" सासूबाई म्हणाल्या. आहे, पण पुरेसा नाही. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन द्रवरूपात भरलेले असतात; ते आत उकळतात तेव्हा वायू बाहेर येतो. प्रोपेन उणे बेचाळीस अंशांनाही उकळतो, ब्यूटेनला मात्र शून्याच्या आसपासची ऊब लागते. प्रोपेन आधी निघून जातो, म्हणून सिलिंडर संपत आला की आत उरतो तो जास्त करून ब्यूटेन, आणि चार अंशांच्या पहाटे तो कुंभकर्णासारखा पडून राहतो. शेगडीच्या एका बर्नरला थोडकाच वायू लागतो, तो मिळतो. गिझर तासाला जवळजवळ किलोभर मागतो, तो मिळत नाही. चौदा किलो दोनशे ग्रॅमचा सिलिंडर सलग गिझरला लावला तर पंधरा तासही टिकायचा नाही, हे हिशेबानं कळल्यावर सासूबाईंनी माझ्या केस धुण्याच्या वारांवर फेरविचार सुरू केला.

उपाय सुचवणारे पुष्कळ निघाले. सिलिंडरवर गरम पाणी ओता, असं एकानं सांगितलं. गरम पाणी मिळावं म्हणूनच सगळा खटाटोप चालला आहे, हे त्याच्या लक्षात आलं नसावं. दुसऱ्यानं सिलिंडर आडवा करायला सांगितलं. ते मात्र ह्यांनी कोणाला करू दिलं नाही; आडवा केला की वायूच्या जागी द्रव नळीत येतो आणि मग जे भडकतं ते आवरत नाही. भरलेला सिलिंडर आला, लावला आणि गिझर पेटला.

पेटला, पण पाणी कोमटच. नळ बारीक करावा तर पाणी तापतं, कारण तेवढीच उष्णता थोड्या पाण्याला मिळते. पण जरा जास्त बारीक केला की दाब पडतो आणि गिझर विझतो. म्हणून एक जण नळावर बोट ठेवून बसायचा आणि दुसरा आंघोळ करायचा. मुलांपैकी थोरल्याला हे काम फार आवडलं. धाकटीला मुळीच नाही, कारण आंघोळ तिची असायची. यावर मात्र ह्यांचा व्यवसाय कामी आला. बोअरच्या जड पाण्यानं नळीच्या आत चुन्याचा थर बसला होता. गिरणीत एकशे तीस अंशांवर पॉलिस्टर रंगवणाऱ्या माणसाला घरी चाळीस अंशांचं पाणी मिळू नये, हा ह्यांना स्वतःचा अपमान वाटत होता. एका रविवारी गिझर उतरवला, नळीत लिंबाच्या सताचं पाणी भरलं. आत बुडबुडे फसफसले, मळकट पाणी निघालं, पुन्हा भरलं, स्वच्छ पाण्यानं धुतलं. बर्नरची भोकं ब्रशनं साफ केली. जाळ पिवळा होता, तो निळा झाला. त्या दिवशीची आंघोळ सगळ्यांनी दसऱ्याच्या उत्साहात केली.

इथवर ऐकून बाबा फोनवर म्हणाले, "झालं ना? आता लक्षात ठेवा, पानिपतात माणूस तलवारीनं हरला नाही. रसद तुटली म्हणून हरला. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडली आणि आपली दिल्लीची वाट अडवली. लढाई हरलो जानेवारीत, पण खरं हरलो ते तिथे. कधीही काही अडलं की आधी रसद बघा." ह्यांनी नम्रपणे सांगितलं, "बाबा, पाणी, वीज, गॅस, सगळी रसद तपासली." बाबा म्हणाले, "पुन्हा तपासा." आम्ही 'बरं' म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर तिसरं दुखणं आलं, आणि त्यानं आमची अक्कल गुंग केली. गिझर छान पेटायचा, पाणी कढत यायचं आणि आंघोळीच्या ऐन मध्यावर गपकन विझायचा. पुन्हा पेटवला की दोन मिनिटांत पुन्हा गप. साबणानं माखलेला माणूस दारातून ओरडतोय आणि बाहेरचे सगळे वेगवेगळे सल्ले देताहेत, असा देखावा रोज पहाटे. ह्यांची आंघोळ झटपट असते, त्यांना त्रास नाही. सासूबाई अंगावर पाणी घेताना रामरक्षा म्हणतात. ती अर्ध्यावर आली की ज्योत जाते. त्यांनी दोन दिवस रामरक्षा भरभर म्हणून पाहिली, मग देवाचा अपमान नको म्हणून सोडून दिली.

याच दिवसांत सगळ्यांची डोकी दुखू लागली. आंघोळ करून आलं की धाकटी मलूल, सासूबाईंना गरगरल्यासारखं, मला मळमळ. सासूबाईंचं निदान पित्ताचं. आमसुलाचं सार रोज होऊ लागलं. भाभींचं निदान धुक्याचं. धुक्यावर औषध नसल्यामुळे सार चालू राहिलं.

शेवटी मेकॅनिक बोलावला. माणूस स्वभावानं चांगला, गप्पिष्ट, चहा दोन कप. त्यानं झाकण काढलं, आत बॅटरी मारली आणि निकाल दिला, "सेन्सर खराब सै जी. तार जोड़ द्यूं? डायरेक्ट?" म्हणजे ती ज्योत पाहणारी सळई आणि तिच्या जोडीचा सुरक्षेचा सेन्सर बाजूला सारायचा, तारा परस्पर जोडायच्या, मग गिझर काही केल्या विझणार नाही. सासूबाईंना योजना पसंत पडली. मलाही कबूल करण्याइतकी थंडी होती. पण हे उठून उभे राहिले. "गिरणीत बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावणाऱ्याला आम्ही त्याच दिवशी घरी पाठवतो," ते म्हणाले, "घरात त्यालाच पैसे देऊन बोलवू काय?" मेकॅनिकला ह्यांचं बोलणं पटलं नाही, पण वाईटही वाटलं नाही. येण्याजाण्याचे पैसे घेऊन तो गेला आणि आम्ही अर्धी आंघोळ गरम, अर्धी गार, या तहावर दिवस काढू लागलो.

एवढ्यात संक्रांत आली. लढाईचा दिवस म्हणून १४ जानेवारीला काला अंबला महाराष्ट्रातून माणसं येतात; गेल्या वर्षी मुख्यमंत्री फडणवीस आले होते. यंदा ह्यांचे चुलतभाऊ, वहिनी, त्यांची मुलं, मित्र, असा मेळा कोल्हापुराहून थेट आमच्याकडे उतरला. (बाबांनी त्यांनाही फोनवर गाठून सांगितलं, की १७६१ साली संक्रांत चौदाला नव्हती, दहाच्या सुमारास होती, ती दर सत्तर-बहात्तर वर्षांनी दिवसभर पुढे सरकते. संक्रांतीच्याच दिवशी संक्रांत कोसळली, असं म्हणू नका. पाहुण्यांनी मान हलवली आणि तिळगूळ मागितला.) इतक्या माणसांना अंथरूण-पांघरूण पुरवायचं म्हणजे घरातली झाडून सगळी कांबळी बाहेर आली. कपाटातली, माळ्यावरची, दिवाणातली. सासूबाईंनी जिथे जिथे बोळे कोंबले होते, तिथलीही.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारपासून न्हाणीघरासमोर रांग. मी देव पाण्यात ठेवले होते. आणि आई, गिझर एकदाही विझला नाही! एकामागून एक माणूस आत जातोय, वाफाळत बाहेर येतोय. सासूबाई म्हणाल्या, पाहुणे पायगुणाचे. हे म्हणाले, नव्या सिलिंडरचा गुण. थोरले चुलतदीर टॉवेल गुंडाळून, दात वाजवत बाहेर आले आणि म्हणाले, "पाणी झकास आहे बुवा, पण न्हाणीघरात वारं केवढं येतं! तो झरोका उघडा कशाला ठेवलाय?"

हे आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. झरोका! सासूबाईंनी डिसेंबरात तिथे जाडजूड कांबळं ठासून बसवलं होतं, ते आदल्या रात्री कोणाच्या तरी अंगावर गेलं होतं.

तर आता बाबांची आनंदाची बातमी: ते बरोबर होते. रसदच तुटली होती. पाण्याची नव्हे, गॅसची नव्हे, हवेची. ह्यांनी नाश्त्याच्या ताटाशेजारी कागद घेऊन हिशेब केला. एक किलो गॅस नीट जळायला साधारण बारा घनमीटर हवा लागते. आमचं न्हाणीघर पाच फूट बाय सात, उंची नऊ. म्हणजे त्यात सगळी मिळून नऊ घनमीटर हवा. गिझर तासाला किलोभर गॅस जाळतो, म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीत दोन घनमीटर हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. त्याच खोलीत दार-झरोका बंद करून आपणही श्वास घेत असतो. प्राणवायू कमी झाला की ज्योत बर्नर सोडून उचलते, सेन्सरच्या नजरेतून सुटते आणि तो गॅस तोडतो. जो 'खराब' म्हणून आम्हाला काढून टाकायला सांगितला होता, तो एकटाच पहारेकरी आपलं काम चोख करत होता. तार डायरेक्ट केली असती तर गिझर खरंच विझला नसता. पुढचं तू समजून घे.

हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला की जो वास येतो, तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा. जळून झालेल्या वायूत तो नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीनं घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मग गरगरतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, आणि दाराची कडी काढायचं सुचत असूनही हात उचलत नाही. आपल्याकडच्या मेंदूविकार तज्ज्ञांकडे न्हाणीघरात बेशुद्ध पडलेले, झटके आलेले रुग्ण इतके येऊ लागले, की त्याला 'गॅस गिझर सिंड्रोम' असं नावच पडलं. २०२३ च्या होळीला रंग धुवायला गेलेली जोडपी घाटकोपरला आणि इकडे गाझियाबादकडे न्हाणीघरातच मृत सापडली. तेव्हा संशय गिझरवरच होता. आमचं पित्त कसलं होतं, ते आता कळलं ना? आमसुलाचा यात काही दोष नाही.

परवा गिझर न्हाणीघरातून उपटून बाहेरच्या गॅलरीत मोकळ्या हवेत लावला. भिंतीतून नळी आत आणली, तिच्यावर उष्णता धरणारं वेष्टन चढवलं, जोडांवर साबणाचा फेस लावून गळती तपासली. नळी लांबल्यामुळे पहिलं तांब्याभर पाणी गार येतं, ते सासूबाई तुळशीला ठेवतात. झरोक्याला जाळी लावली आहे. तिच्यापुढे कापड धरायचं नाही, असा ह्यांनी फतवा काढलाय. सासूबाईंचा हिरमोड होऊ नये म्हणून मी भाभींच्या सल्ल्यानं तोड काढली. इकडे संक्रांतीला सुना सासू-सासऱ्यांना शाल किंवा कांबळं देऊन त्यांचा मान करतात. मी ह्यांच्याच गिरणीचं नवं मऊ ब्लँकेट सासूबाईंच्या खांद्यावर घातलं. त्या इतक्या खूश झाल्या, की हरियाणातले आणखी कोणते सण सुनांनी करायचे असतात, याची त्या आता भाभींकडे बारकाईनं चौकशी करताहेत.

आता कामाचं बोलते, म्हणून हे नीट वाच. आपल्या वाईच्या न्हाणीघरातही बाबांनी गॅसचा गिझर आतच लावलाय, आणि पाली येतात म्हणून झरोक्याला काच बसवून घेतली आहे. लहानपणी तांब्याचा बंब होता तेव्हा तो आपण मागच्या अंगणात पेटवायचो, कारण त्याचा धूर डोळ्यांत जायचा. गिझरचा धूर दिसत नाही, म्हणून त्याला घरात घेतलं. जाळ तोच आहे गं, फक्त आता डोळे चुरचुरत नाहीत.

तेव्हा गिझर मागच्या भिंतीबाहेर, पागोळीखाली लावून घ्या. माणूस मिळेपर्यंत न्हाणीघराचं दार उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा आणि मगच आत जाऊन आंघोळ करायची. एकापाठोपाठ आंघोळी नकोत. मधे दार उघडं राहू दे. झरोक्याची काच आजच काढ, पालींचं मी आल्यावर बघते. जाळ पिवळा दिसला तर वापर थांबवा आणि बर्नर साफ करून घ्या. मधेच विझत असेल तर कोणालाही तार 'डायरेक्ट' करू देऊ नका. सगळ्याच गिझरांना तो सेन्सर असतो असंही नाही, त्यामुळे तुमचा विझत नाही म्हणजे हवा पुरते, असं धरून चालू नका. आंघोळीत डोकं जड झालं किंवा गरगरलं तर पलंगावर आडवं व्हायचं नाही, आधी उघड्या हवेत अंगणात यायचं आणि मग डॉक्टर. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करा.

बाबा म्हणतील, इतकी वर्षं काही झालं नाही. त्यांना सांग, ऑक्टोबरात यमुना ओलांडली गेली तेव्हाही काही झालं नव्हतं. हे त्यांना पटेल. आणि नाहीच पटलं, तर माळ्यावरचा बंब खाली काढून चिंचेनं घास आणि अंगणात पेटव. गिझर भिंतीबाहेर लागल्याचा फोटो येईपर्यंत मी त्यांचा फोन घेणार नाही, गारद्यांबद्दल असला तरी.

ती. बाबांना नमस्कार. बाकी लोभ आहेच.

तुझी
पानिपतावरची लेक